उणावलेली जोड : संगणकातील एक डिस्क निकामी झाल्यावर

नीरेच्या डाव्या कालव्याने भिजणारा बारामती तालुका आणि भीमेवरील उजनी जलाशयाच्या काठचा इंदापूर तालुका हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील दोन तालुके ऊस, दूध आणि सहकार यांसाठी राज्यात सुपरिचित आहेत. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने, गावोगावची दूध संकलन केंद्रे, विविध कार्यकारी सोसायट्या, भिगवण व इंदापूर येथील मासळीचे बाजार या साऱ्यांचा दैनंदिन व्यवहार नोंदीवर चालतो. वजनकाट्यावर उसाची गाडी उभी राहिली की नोंद. संकलन केंद्रावर दुधाची किटली रिकामी झाली की नोंद. पूर्वी ही नोंद लाल कापडी बांधणीच्या खतावणीत होत असे. आता ती संगणकाच्या डिस्कवर होते.

खतावणी हरवली तर काय होते, हे या भागातील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. उजनीच्या पाण्याखाली पळसदेवसारखी गावे गेली, तेव्हा विस्थापित कुटुंबांना जमिनीच्या एकेका उताऱ्याचे मोल कळले. संगणकातील नोंदीचे मोल त्याहून कमी नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत शेतकऱ्यास त्याचे पैसे द्यावयाचे असतात. दूध संस्थांतून बहुधा दर १० दिवसांनी हिशेब होतो. ३०० सभासदांची एखादी संस्था घेतली, तर सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला ६०० आणि एका हिशेबाच्या मुदतीत ६,००० नोंदी होतात; प्रत्येकीत लिटर, फॅट आणि एसएनएफ यांचे आकडे असतात. हिशेबाच्या नवव्या दिवशी डिस्क बंद पडली आणि दुसरी प्रत नसली, तर सभासदाच्या हातातील पावत्या गोळा करून सारे पुन्हा लिहून काढण्यावाचून गत्यंतर राहात नाही. सर्वांच्या पावत्या जपून ठेवलेल्या असतीलच असेही नाही.

म्हणूनच अनेक संस्था आपल्या मुख्य संगणकात एकाऐवजी दोन डिस्क बसवून घेतात. दोहोंवर एकाच वेळी तीच नोंद होते. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. हे सोय म्हणून उत्तम आहे. परंतु एक डिस्क गेल्यानंतर नेमके काय करावयाचे, याची माहिती मात्र संगणक बसवून देणाऱ्याजवळच राहते आणि तो पुण्याला किंवा फार तर बारामतीला असतो. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात अशी उणावलेली जोड पूर्ववत कशी करावी, याचे विवेचन या लेखात केले आहे. संस्थेचे सचिव, लेखनिक आणि संगणकाची थोडीफार जाण असलेले तरुण सभासद यांना ते उपयोगी पडेल.

जोड म्हणजे काय

दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवण्याची पद्धत मोठ्या संगणकांत १९७०च्या दशकापासून वापरात होती. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र जोडून काम कसे घेता येईल, याचे निरनिराळे प्रकार त्यांनी त्यात क्रमवार मांडले. त्या रचनेला त्यांनी दिलेल्या नावाची आद्याक्षरे मिळून 'रेड' हा शब्द झाला. आपल्याकडे 'रेड' म्हटले की धाड आठवते. त्याचा येथे काही संबंध नाही. या प्रकारांपैकी पहिल्या क्रमांकाचा प्रकार, म्हणजे 'रेड-१', हाच आपला जोड-डिस्कचा प्रकार. त्याला 'मिरर', म्हणजे आरसा, असेही म्हणतात.

हे काम करण्यासाठी वेगळे महागडे कार्ड मिळते. परंतु लिनक्समध्ये तेच काम प्रणालीतील 'एमडी' हा भाग स्वतः करतो, म्हणून वेगळा खर्च पडत नाही. त्यावर देखरेख ठेवण्यासाठी नील ब्राउन यांनी लिहिलेले 'एमडीएडीएम' हे साधन वापरतात. कार्ड बिघडले तर त्याच जातीचे दुसरे कार्ड शोधत हिंडावे लागते. लिनक्सची जोड मात्र कोणत्याही दुसऱ्या लिनक्स संगणकात नेऊन वाचता येते. लहान संस्थेला हाच मार्ग परवडणारा आणि माझ्या मते अधिक भरवशाचाही आहे.

या लेखात आज्ञा व फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कळफलकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावयाची असतात. जेथे मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे. बहुतेक आज्ञांना प्रशासकाचे, म्हणजे 'रूट'चे, अधिकार लागतात.

बिघाड कळतो कसा

खरी अडचण येथेच आहे. जोडीतील एक डिस्क निकामी झाली तरी पडद्यावर काहीच दिसत नाही. पावत्या निघतात, हिशेब होतो. संगणक मुकाट्याने एका डिस्कवर काम चालू ठेवतो. बैलगाडीचा एक बैल बसला तर गाडी जागच्या जागी थांबते. येथे गाडी चालतच राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. काही महिन्यांनी दुसरी डिस्कही जाते, आणि मग 'आमच्याकडे तर दोन डिस्क होत्या' असे म्हणण्याची पाळी येते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खेपेतील घेतल्या असतील, तर त्या सारखेच तास चाललेल्या असतात. त्यामुळे पहिलीच्या मागोमाग दुसरी जाण्याचा संभव दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

जोडीची प्रकृती पाहण्यासाठी 'कॅट' या आज्ञेने '/प्रोक/एमडीस्टॅट' ही फाइल वाचावी. तीत प्रत्येक जोडीपुढे चौकटी कंसात दोन आकडे आणि दोन अक्षरे असतात. जोड धडधाकट असेल तर '२/२' आणि पुढे दोन 'यू' दिसतात. एक डिस्क गेली असेल तर '२/१' आणि एका 'यू'च्या जागी अधोरेषा दिसते. प्रणालीने डिस्क सदोष ठरविली असेल तर तिच्या नावापुढे साध्या कंसात मोठे 'एफ' हे अक्षर येते. अधिक तपशील हवा असल्यास 'एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी०' ही आज्ञा द्यावी. 'स्टेट' या ओळीत 'क्लीन, डिग्रेडेड' असे शब्द आले तर जोड उणावली असे समजावे. 'क्लीन' म्हणजे उरलेल्या डिस्कवरील नोंदी सुसंगत आहेत. तेवढ्या एका शब्दाने निम्मी काळजी दूर होते.

घाई का करू नये

उणावलेली जोड म्हणजे प्रणालीने दिलेली मुदत होय. या मुदतीत संस्थेचा संपूर्ण हिशेब एकाच डिस्कवर उभा असतो. अशा वेळी सर्वात मोठा धोका बिघडलेल्या डिस्कपासून नसतो. चांगली डिस्क बिघडलेली समजून काढून टाकणे आणि कोरी डिस्क मूळ समजून तिची नक्कल चांगल्या डिस्कवर उतरविणे, या दोन गोष्टींपासून तो असतो. दोन्ही गोष्टी घाईतच होतात.

म्हणून पहिले काम नवीन डिस्क आणण्याचे नव्हे. उरलेल्या डिस्कवरील हिशेबाची प्रत प्रथम तिसऱ्याच ठिकाणी, यूएसबीने जोडता येणाऱ्या बाहेरच्या डिस्कवर, काढावी. एका दूध संस्थेचा वर्षानुवर्षांचा हिशेबही काही गिगाबाइटांपेक्षा क्वचितच मोठा असतो. अर्ध्या तासात हे काम उरकते. प्रत उघडून पाहावी. फाइल उतरली एवढ्यावर समाधान न मानता, काल संध्याकाळच्या दोन-चार पावत्या तीत सापडतात का हे पडताळावे. हे झाल्याशिवाय संगणक बंदही करू नये. जुनी डिस्क फिरत आहे तोवर फिरते. एकदा बंद केल्यावर ती पुन्हा सुरू होईलच असे नाही.

डिस्क गेली की तार सैल झाली

प्रणालीने डिस्क बाद केली म्हणजे डिस्कच वाईट असे नेहमी नसते. गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या परिसरात बगॅसचा भुसा उडत असतो, उन्हाळ्यात खोलीतील उष्मा वाढतो, वीज वारंवार जाते-येते. जोडणीच्या तारा सैल होणे, वीजपुरवठ्याचे यंत्र कमजोर होणे, हीही कारणे असतात. 'स्मार्टसीटीएल -ए' ही आज्ञा डिस्कच्या नावासह दिली असता डिस्क स्वतःची प्रकृती सांगते. त्या लांबलचक तक्त्यातील तीन ओळी पाहाव्यात. 'रीॲलोकेटेड सेक्टर' म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलविलेले भाग. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी थांबलेले भाग. या दोहोंचे कच्चे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर ती डिस्क बदलावी. तिसरी ओळ 'सीआरसी एरर'ची. तेवढीच वाढली असून पहिल्या दोन शून्य असतील, तर दोष बहुधा तारेचा असतो. शंभर-दोनशे रुपयांच्या तारेपायी नवी डिस्क घेण्याचे कारण नाही.

दोष तारेचा ठरला तर ती बदलून 'एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --री-ॲड' या आज्ञेने तोच विभाग जोडीत परत घ्यावा. मोठ्या जोडीवर साधारणतः 'बिटमॅप' नावाची एक छोटी नोंदवही असते. डिस्क गैरहजर असताना कोणते भाग बदलले, याची खूण तीत राहते. त्यामुळे सारी डिस्क पुन्हा न उतरविता तेवढेच भाग उतरवून घेतले जातात आणि काम मिनिटांत संपते.

हे तपासताना उरलेल्या डिस्कची प्रकृतीही अवश्य पाहावी. पुनर्भरणाच्या वेळी तिचा कोपरान् कोपरा वाचला जाणार आहे, आणि वर्षभर न वाचलेला एखादा भाग नेमका तेव्हाच दगा देतो. तिच्यावरही थांबलेले भाग दिसत असतील तर नेहमीची रीत सोडावी. 'डीडीरेस्क्यू' या साधनाने तिची जमेल तेवढी प्रत वेगळ्या डिस्कवर काढणे हे त्या वेळी पहिले कर्तव्य ठरते. शक्य तर ते जाणकारावर सोपवावे.

डिस्कची ओळख

समजा, इंदापूर तालुक्यातील एका दूध संस्थेच्या संगणकात प्रत्येकी १ टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत. प्रणालीने त्यांना 'एसडीए' आणि 'एसडीबी' अशी नावे दिली आहेत. हिशेबाची जोड 'एमडी०' ही 'एसडीए१' व 'एसडीबी१' या दोन विभागांची मिळून झाली आहे. त्यांपैकी 'एसडीबी' सदोष ठरली.

आता पेटी उघडली तर आत दोन सारख्याच डिस्क दिसतात. कोणावरही 'एसडीबी' असे लिहिलेले नसते. शिवाय ही नावे कायमची नाहीत. संगणक पुन्हा सुरू केल्यावर, विशेषतः एक डिस्क काढल्यावर, कालची 'एसडीबी' आज 'एसडीए' होऊ शकते. शाळेत हजेरीपटावरील क्रमांक दरवर्षी बदलतो, तसलाच हा प्रकार. न बदलणारी ओळख एकच : कारखान्यात डिस्कवर छापलेला अनुक्रमांक. 'एलएसब्लॉक -ओ नेम,सीरियल' या आज्ञेने (येथे 'नेम' आणि 'सीरियल' हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहितात) कोणत्या नावाला कोणता अनुक्रमांक, हे पडद्यावर येते. तो कागदावर उतरवून घ्यावा आणि पेटीतील डिस्कच्या चिठ्ठीवरील क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून पाहावा. खराब डिस्कचा आणि चांगल्या डिस्कचाही. हे काम एकाने वाचावे आणि दुसऱ्याने ताडावे. वजनकाट्यावर आकडा मोठ्याने म्हणण्याची जी पद्धत आहे, तीच येथे लागू करावी. ज्यांचा संगणक आज ठीक चालू आहे त्यांनी अनुक्रमांकाच्या शेवटच्या चार अक्षरांची चिठ्ठी प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूस आताच चिकटवून ठेवली, तर पुढे हा सारा खटाटोप वाचेल.

ओळख पटल्यावर 'एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --फेल /डेव्ह/एसडीबी१' आणि नंतर तशीच '--रिमूव्ह' अशा दोन आज्ञांनी सदोष विभाग जोडीतून रीतसर वेगळा करावा. एका डिस्कवर दोन-तीन जोडींचे विभाग असतात, एक प्रणालीसाठी, एक हिशेबासाठी. त्या सर्वांतून तो काढावयाचा असतो. मग संगणक बंद करून, वीज तोडून, तारांचे छायाचित्र घेऊन डिस्क बदलावी.

नवीन डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी. चिठ्ठीवर दोहोंवर १ टेराबाइट लिहिलेले असले तरी निरनिराळ्या कंपन्यांच्या डिस्कमध्ये थोडा फरक असू शकतो, आणि विभाग किंचितही लहान पडला तर प्रणाली तो स्वीकारीत नाही. शक्य तर दुसऱ्या कंपनीची किंवा निदान वेगळ्या खेपेची डिस्क घ्यावी.

नक्कल कोणत्या दिशेने

संगणक सुरू झाल्यावर प्रथम 'एलएसब्लॉक'ची आज्ञा पुन्हा देऊन नावे नव्याने ताडावीत. कालचा कागद आज चालत नाही. मग जुन्या डिस्कवरील विभागांची आखणी नव्या डिस्कवर उतरवावी लागते. शेताची हद्द आखल्याशिवाय पेरणी होत नाही, तसे हे आहे. यासाठी 'एसजीडिस्क' हे साधन मोठ्या 'आर' अक्षराच्या पर्यायासह वापरतात. त्याचा लिहिण्याचा क्रम फसवा आहे : मोठ्या 'आर'च्या लगेच नंतर नव्या डिस्कचे नाव येते आणि मूळ डिस्कचे नाव सर्वात शेवटी. प्रत करण्याच्या बहुतेक आज्ञांत मूळ आधी आणि नक्कल नंतर असते; येथे उलट. हा क्रम चुकला तर कोऱ्या डिस्कची आखणी भरलेल्या डिस्कवर उतरते. एंटर दाबण्यापूर्वी ती ओळ दोघांनी वाचावी, एवढे सांगणे पुरे. त्यानंतर मोठ्या 'जी'च्या पर्यायाने नव्या डिस्कला स्वतःची वेगळी ओळखसंख्या द्यावी, नाही तर दोन डिस्क एकाच नावाच्या होऊन बसतात.

आता 'एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --ॲड /डेव्ह/एसडीबी१' ही आज्ञा द्यावी. येथून पुढचे काम प्रणालीचे. जोडीत आधीपासून असलेली डिस्क मूळ आणि नव्याने आलेली नक्कल, हे तिला ठाऊक असते. दिशा तिला सांगावी लागत नाही.

दिशेचा घोळ होतो तो एका निराळ्या आज्ञेने. संगणक सुरू होताना कधी कधी जोड अर्धवट अवस्थेत थांबते आणि 'एमडी०' दिसेनाशी होते. अशा वेळी गोंधळून 'एमडीएडीएम --क्रिएट' ही आज्ञा देण्याचा मोह होतो. ही आज्ञा नवी जोड निर्माण करते. जुन्या जोडीची माहितीपत्रिका पुसून ती नवी लिहिते, आणि मग कोणती डिस्क मूळ मानून भरण सुरू होईल याचा भरवसा उरत नाही. जुन्या जोडीसाठी 'क्रिएट' कदापि वापरू नये. 'एमडीएडीएम --असेंबल --रन' या आज्ञेने असलेली जोड एका डिस्कवरही उभी करता येते.

दोन डिस्क समोर आहेत आणि त्यांतील अद्ययावत कोणती याचाच संभ्रम असेल, तर 'एमडीएडीएम --एक्झामिन' ही आज्ञा प्रत्येक विभागावर चालवावी. तीत 'इव्हेंट्स' म्हणून एक आकडा येतो. जोडीच्या स्थितीत बदल होत जातात तसा तो वाढत जातो. सातबाराचे दोन उतारे हाती असताना ज्यावर नंतरचा फेरफार क्रमांक, तो अलीकडचा असे आपण मानतो. येथेही ज्या डिस्कचा आकडा मोठा, ती डिस्क अलीकडची. मात्र कोणी दोन्ही डिस्क स्वतंत्रपणे निरनिराळ्या वेळी चालविल्या असतील, तर ही कसोटी पुरी पडत नाही. दोहोंवर वेगवेगळ्या नोंदी झालेल्या असतात, आणि तेव्हा दोन्हीच्या प्रती काढून पावत्यांवरून निर्णय करणे भाग असते.

भरणाचा काळ

'/प्रोक/एमडीस्टॅट' पुन्हा वाचले असता भरण किती टक्के झाले, किती मिनिटे उरली आणि वेग किती, हे दिसते. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने १ टेराबाइट उतरवावयास १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. हिशेब केवळ १० गिगाबाइटांचा असला तरी नव्या डिस्कवर सारी जागा उतरवावी लागते, कारण 'एमडी'ला त्या जागेत काय लिहिले आहे याच्याशी कर्तव्य नसते. संगणकावर काम चालू असेल तर भरण आपोआप मंदावते. म्हणून सकाळचे संकलन आटोपल्यावर आज्ञा द्यावी. संध्याकाळच्या संकलनाआधी काम बहुधा पूर्ण होते. मध्येच वीज गेली तरी फार घाबरण्याचे कारण नाही, भरण पुन्हा सुरू होते. परंतु या काळात दुसरी प्रत नाही हे लक्षात घेऊन यूपीएसची बॅटरी आधी तपासलेली असावी.

दोन्ही 'यू' दिसू लागले की काम संपले असे वाटते. अजून एक गोष्ट राहते आणि तीच बहुधा विसरली जाते. संगणक सुरू करणारा 'ग्रब' हा लहानसा कार्यक्रम जोडीच्या बाहेर असतो. जुन्या पद्धतीच्या संगणकात नव्या डिस्कवर 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. नव्या 'यूईएफआय' पद्धतीच्या संगणकात त्यासाठीचा छोटा विभाग वेगळा उतरवावा लागतो. हे न केल्यास पुढे जुनी डिस्क गेली की सर्व नोंदी नव्या डिस्कवर सुरक्षित असूनही संगणक सुरूच होत नाही.

देखरेख

'एमडीएडीएम'ला सतत पहाऱ्यावर ठेवता येते. त्याच्या मांडणीच्या फाइलीत 'मेलॲडर' या शब्दापुढे ई-मेलचा पत्ता लिहिला की डिस्क सदोष होताच तेथे पत्र जाते. तेथे एकच पत्ता चालतो. तो संगणक बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाचा किंवा बदलून गेलेल्या लेखनिकाचा असेल तर पहारा व्यर्थ आहे. संस्थेचा एक सामाईक पत्ता करून त्यावरील पत्रे सचिव व लेखनिक या दोघांच्या भ्रमणध्वनीवर जातील अशी व्यवस्था करावी. 'एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट' ही आज्ञा दिली की चाचणीचे पत्र निघते. ते पोहोचले नाही, तर बहुधा संगणकात पत्र पाठविण्याची सोयच बसविलेली नसते.

दुसरे काम महिन्यातून एकदा जोड संपूर्ण वाचून पाहण्याचे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार होते. गाळप संपले की कारखान्यांत ही सारी यंत्रे खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बसवितात, हे या भागात मुलांनाही माहीत असते. डिस्कला हंगाम नसतो, म्हणून तिची तपासणी बारमाही ठेवावी लागते. डेबियन या लिनक्समध्ये ती महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. इतरत्र संबंधित 'सिंक ॲक्शन' या फाइलीत 'चेक' हा शब्द लिहून ती सुरू करतात. तपासणीत दोन डिस्कवरील मजकूर कोठे जुळत नसेल तर तसा आकडा मिळतो. कोणत्या डिस्कवरचा मजकूर खरा, हे मात्र प्रणाली सांगू शकत नाही. दोन साक्षीदारांच्या जबान्यांत तफावत आहे, एवढेच तिला कळते.

जोड म्हणजे राखीव प्रत नव्हे

मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) वास्तव्याने बारामतीचे नाव मराठी साहित्यात कायमचे जोडले गेले. त्या काळी ग्रंथ टिकत तो हाताने नकला करूनच. पोथीची नक्कल करणारा प्रामाणिक असेल तर मूळ पोथीतील चूकही त्याच्या हातून जशीच्या तशी उतरत असे. जोड-डिस्क हा असाच अतिप्रामाणिक लेखक आहे. लेखनिकाने चुकून सभासदांची यादी पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. विषाणू-कार्यक्रमाने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. वळवाच्या पावसात वीज कोसळली, कार्यालयात चोरी झाली किंवा आग लागली, तर एकाच पेटीतील दोन डिस्कचे नशीबही एकच. जोड फक्त एका डिस्कच्या मृत्यूपासून वाचविते, आणि तेही काम न थांबविता. बाकीच्या संकटांसाठी रोजच्या हिशेबाची प्रत दुसऱ्या इमारतीत असली पाहिजे. दोन बाहेरच्या डिस्क घेऊन त्या आलटून-पालटून वापराव्यात. एक कार्यालयात, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा संस्थेने ठरविलेल्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात. ज्या दिवशी प्रत काढली तो दिनांक आणि काढणाऱ्याची सही यांसाठी एक साधी वही ठेवावी. ही वही मात्र कागदाचीच असू द्यावी.

काढलेल्या डिस्कचे काय

बदललेली डिस्क टेबलाच्या खणात पडून राहते आणि एक दिवस भंगारवाल्याकडे जाते. तिच्यावर सभासदांची नावे, बँक खात्यांचे क्रमांक आणि हिशेब असतात. प्रणालीने सदोष ठरविलेली डिस्क पूर्णपणे मुकी झालेली असते असे नाही. जोडीतील प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे वाचता येते, आणि सोयीसाठी केलेली हीच गोष्ट येथे अडचणीची होते. डिस्क हमीच्या मुदतीत असेल तर ती परत देण्यापूर्वी, चालत असल्यास, 'श्रेड' या आज्ञेने तिच्यावरील मजकूर पुसावा. ही आज्ञाही डिस्कच्या नावानेच चालते, म्हणून ती जोड असलेल्या संगणकावर न चालविता दुसऱ्या एखाद्या संगणकावर चालवावी. डिस्क अजिबात चालत नसेल आणि हमीही संपली असेल, तर आतील तबकड्यांना यंत्राने भोके पाडून घ्यावीत आणि जड वस्तूंच्या नोंदवहीत त्या अनुक्रमांकापुढे दिनांकासह 'नष्ट केली' असा शेरा मारावा. लेखापरीक्षक नेमकी तीच ओळ विचारतात.